पर्यायी

आषाढातली संध्याकाळ. पाऊस नुकताच उघडला होता आणि तोरस्कर चौकाच्या उतारावर मातकट पाण्याचे ओघळ अजून वाहत होते. केर्लीला मामीकडं जायचं होतं. दादा गाडी घेऊन परस्पर येणार होता, म्हणून मी त्याच्या मुलाला घेऊन चालत निघाले होते. तेवढ्यात दादाचा फोन आला. "पर्यायीच्या तोंडाला थांबा. आलोच." एवढंच बोलून त्यानं ठेवला. भाचा सहावीत आहे आणि या वयाच्या पोरांना मोठ्यांचे फोन ऐकण्यात फार रस असतो. त्यानं विचारलं, "आत्या, पर्यायी म्हणजे ऑप्शनल ना?" मी म्हटलं, हो. "आमच्या पेपरात पर्यायी प्रश्न असतोय. तो नाही सोडवला तरी चालतंय." मी पुन्हा हो म्हटलं. लक्ष अर्धं रस्त्यावर होतं. मग तो म्हणाला, "मग पूल ऑप्शनल कसा असंल? हा नसता तर चाललं असतं काय?"

मी इतिहास शिकवत आयुष्य घालवलेली बाई. अवघड प्रश्न आला की "छान प्रश्न आहे" असं म्हणून दोन मिनिटं काढायची युक्ती मला चांगली जमते. त्या दिवशी तीही सुचली नाही. "गाडी बघ, आली काय," असं म्हणून मी विषय टाळला. पोरगं ते विसरूनही गेलं असेल. मला मात्र केर्लीत मामीनं केलेल्या वड्यांची चव लागली नाही.

कोल्हापुरात 'पूल' म्हटलं की शिवाजी पूल. पंचगंगेवर दुसरे पूल नाहीत असं नाही, पण त्यांना नावानिशी सांगावं लागतं. नुसता 'पूल' हा एकच. त्याच्याशेजारी नवा पूल झाला, त्यालाही आता वर्षं झाली, सगळी रहदारी अंगावर घेतो तो बिचारा, तरी लोक त्याला 'नवा' म्हणत नाहीत. 'पर्यायी' म्हणतात. कागदावरचा सरकारी शब्द, इतकी वर्षं वर्तमानपत्रात वाचून वाचून तोंडात बसला आणि त्याचं विशेषनाम झालं. "पर्यायीवरनं घ्या", "पर्यायीला गर्दी हाय". शब्दाचा अर्थ कधीच गळून पडला होता. तो एका सहावीतल्या पोरानं उचलून माझ्या हातात दिला.

आमचं घर जुन्या बुधवारात. लहानपणी पूल दिसायच्या आधी ऐकू यायचा. पहाटे चार-साडेचारला वडणगे, आंबेवाडी, चिखलीकडून दूधवाले सायकली मारत यायचे. पुलावरून उतरून चढाला लागले की कॅन एकमेकींवर आपटायच्या आणि तो आवाज झोपेत शिरायचा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी यायच्या त्या वेगळ्या, त्यांना घंटा. हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यावर फाटक्या आवाजातली गाणी. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की आवाज बदलायचा. सासनकाठ्या घेतलेली माणसं रात्रीची चालत पुलावरून जायची, "चांगभलं"चा पुकारा कमानीखालून घुमून परत यायचा, आणि सकाळी बघावं तर कठड्याचा काळा दगड गुलालानं माखलेला. पहिला वळीव येईपर्यंत तो गुलाल दगडाच्या खाचांत राहायचा. आई म्हणायची, पूल हळदी-कुंकवाला बसलाय.

आणि तो हलायचा. बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही, दगडी कमानीचा पूल कसा हलेल? पण कठड्याला टेकून उभं राहावं, रत्नागिरीकडून एसटी यावी आणि समोरून उसाची ट्रॉली, दोघांनी एकमेकांना अंगाचा स्पर्श होऊ न देता पार व्हायचं, तेवढ्या वेळात टाचांपासून वर काहीतरी सरकत यायचं. थरथर म्हणावी इतकी ती मोठी नव्हती. मांडीवर मांजर गुरगुरतं तेव्हा जे जाणवतं, तसं. मला ते फार आवडायचं. पूल जिवंत आहे असं वाटायचं. त्याचा अर्थ दुसराही असू शकतो हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

पावसाळ्यात तालमीची पोरं पुलावरून पुरात उड्या टाकायची. अजूनही टाकतात, पोलीस असले नसले तरी. दादानं एकदाच टाकली, दहावीच्या सुट्टीत. खाली घाटाजवळ बाहेर निघाला, थरथरत, ओठ निळे, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू हिंदकेसरी झालाय. आबांनी घाटावरच त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग त्याच हातानं स्वतःच्या उपरण्यानं त्याचं डोकं पुसलं. त्या रात्री जेवताना आबा कोणाशी तरी कौतुकानं बोलत होते, "मधल्या कमानीवरनं टाकली बरं का."

पूर मोजायची सरकारी जागा राजाराम बंधारा. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे येतात. पण आमच्या घरात मोजमाप पुलाचंच. कमान किती उरली? माणूस उभा राहील एवढी? की नुसती भुवई? आबा संध्याकाळी जाऊन बघून यायचे आणि उंबऱ्यातच पाय धूत सांगायचे, "भुवई हाय अजून." मग आई गहू वरच्या फळीवर चढवायची की नाही ते ठरवायची.

पूल बांधला इंग्रजांनी, 1870च्या दशकात. टाऊन हॉलही त्याच काळातला. तो काळा दगड आणि ती टोकदार छपरं बघितली की पुलाचीच चुलत भावंडं वाटतात. आणि या पुलाबद्दल ती गोष्ट आहेच, जी प्रत्येक गावाला आपापल्या पुलाबद्दल माहीत असते: इंग्लंडहून पत्र आलं, 'आम्ही बांधलेल्या पुलाचं आयुष्य संपलं आहे, आता जबाबदारी आमची नाही.' आमच्या गल्लीत हे पत्र 'स्वतः बघितलेली' किमान तीन माणसं होती. पुढं मला सातारकडच्या एका मैत्रिणीनं तिकडच्या पुलाबद्दल शब्दशः तेच सांगितलं, आणि कोकणातल्या एका सहकाऱ्यानंही. इतक्या गावांना पत्रं घालणारा तो कारकून लंडनमध्ये कुठल्या टेबलाशी बसला असेल, असं मी वर्गात गमतीनं विचारायची. पोरं हसायची. खरं तर त्या गोष्टीत हसण्यासारखं फार थोडं आहे. राज्य गेलेला परका साहेब आठवणीनं पत्र पाठवतो, हे आपल्याला सहज खरं वाटतं. आपल्याच इथल्या कोणीतरी येऊन पूल तपासला आणि वेळेवर सांगितलं, अशी दंतकथा मी कुठल्याच गावात ऐकली नाही.

2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा पूल वाहून गेला. दोन एसट्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर आई पुलावर आली की बोलायची थांबायची. रिक्षात कितीही रंगात आलेली गोष्ट असू दे, तोरस्कर चौक मागं पडला की पदर तोंडाशी, आणि पलीकडं चाकं टेकली की, "हां, तर काय सांगत होते." महाडला शेजारी नवा पूल होता, तरी जुनाही वापरात होता. पर्याय होता, घेतला नव्हता एवढंच. तिथं पुढं 165 दिवसांत पूल उभा राहिला, जून 2017मध्ये गाड्या धावायला लागल्या. आमच्याकडं त्या वेळी पंचगंगेच्या पात्रात नवे खांब उभे होते, बरंचसं काम झालं होतं, आणि सगळं ठप्प होतं. शहराच्या बाजूला नवा पूल टेकायचा, तिथं ब्रह्मपुरी.

आता इथं मला माझं सांगावं लागेल.

ब्रह्मपुरी ही पुलालगतची टेकडी. बाहेरून बघितलं तर घरं, झाडं, एक चढ, बाकी काही नाही. पण तिच्या पोटात सातवाहनांच्या काळातलं गाव आहे. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी तिथं खोदलं, तेव्हा विटांची घरं निघाली. त्याच सुमारास तिथंच काशाच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात पोसायडनची मूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव. वीतभर उंचीचा, अंगावर वस्त्र नाही, दाढी कुरळी, एक हात असा वर धरलेला की त्यात त्रिशूळ असणार हे न सांगता कळतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्या बंदरावर उतरला, कोणाच्या गाठोड्यातून सह्याद्री चढला आणि पंचगंगेच्या काठी येऊन राहिला, कोण जाणे. टाऊन हॉलच्या संग्रहालयात तो आहे. मी दर वर्षी वर्ग घेऊन जायची आणि पोरांना त्याच्यासमोर दोन मिनिटं गप्प उभं करायची. "हे तुमच्या घराशेजारी सापडलंय," असं सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. पोरांच्या यायचा की नाही, विचारलं नाही.

तर 2010च्या कायद्यानं संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आली, आणि पुलाचं उरलेलं काम नेमकं त्या शंभर मीटरांत सापडलं. गावात मोर्चे निघाले. कृती समिती बसली, उठली, पुन्हा बसली. "दगडं जगवायची का माणसं?" असे फलक लागले. मला त्या फलकाचा राग यायचा. हो, यायचा. घरात यावरून आमची भांडणं झाली, साधीसुधी नाहीत. दादाचं काम पलीकडं, पन्हाळा रोडला. दिवसातून दोनदा तो त्या पुलावरून जायचा. तो म्हणायचा, टेकडीवर एवढी घरं झाली तेव्हा तुझा कायदा कुठं झोपला होता? हा प्रश्न बरोबरच होता, आणि त्यामुळंच मी जास्त चिडायची. मी म्हणायची, घाई काय आहे, रीतसर परवानगी येऊ दे, दीडशे वर्षं उभा आहे तो अजून दोन वर्षं उभा राहील. हे वाक्य मी एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये म्हटलं, एका लग्नाच्या पंगतीत म्हटलं. जेवणाच्या ताटावर दादाला म्हटलं तेव्हा त्यानं भाकरी अर्धी टाकली आणि उठला. आई म्हणाली, "तुमचा पूल तिकडं पडू दे, आधी जेवा."

या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खरं असायची सवय होती. कायदा झाला तो काही आमच्या पुलाशी वैर धरून नाही. असले कायदे नसते तर ब्रह्मपुरीसारख्या टेकड्या केव्हाच सपाट होऊन त्यांच्यावर पार्किंग झालं असतं. पण शंभर मीटरची दोरी लावून वर्तुळ काढलं की त्या वर्तुळात नदी येते की पूल येतो की रोज जाणारी माणसं, हे दोरीला कळत नाही. कायद्यात दुरुस्ती करायचं ठरलं, लोकसभेत ती मंजूर झाली, पुढं राज्यसभेत अडकली. इकडं पात्रात अर्धा पूल. त्याच्या टोकाला लोखंडाच्या गजांचे झुबके बाहेर आलेले, पावसानं गंजून तांबडे झालेले, त्यावर बगळे बसायचे. संध्याकाळी जुन्या पुलाच्या कठड्याला टेकून लोक त्या अर्ध्या पुलाकडं बघत बसायचे, अर्ध्यावर थांबलेल्या वरातीकडं बघावं तसे.

26 जानेवारी 2018ची रात्र. झेंडावंदन, पोरांची भाषणं, बुंदी, सगळं आटोपून मी लवकर झोपले होते. साडेअकरा-बाराच्या सुमारास गल्लीत पळण्याचे आवाज आले. चपलांचे, अनवाणी पायांचे. कोणीतरी ओरडत होतं, "दोर घ्या, दोर!" गणपतीपुळ्याहून परत येणारी मिनीबस कठडा तोडून नदीत गेली होती. दादा बनियनवरच बाहेर पडला. आम्ही बायका चौकात उभ्या. थंडी होती. पुलावर दिव्यांची नुसती ये-जा दिसत होती, आणि मला सारखं वाटत होतं की आत्ता जर आपल्या टाचांना काही जाणवलं तर काय करायचं.

13 माणसं गेली.

दादा उजाडल्यावर आला. पॅन्ट मांडीपर्यंत भिजलेली, वाळून कडक झालेली. अंगणात दगडावर बसला. आईनं चहा पुढं केला, तो त्यानं हातात धरला आणि साय येईपर्यंत तसाच धरला. मी दारात उभी होते. तो मला काही बोलेल याची मी वाट बघत होते. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकदा वर बघितलं, आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "बारकी पोरं होती गं." बस्स. त्यानंतर आजतागायत त्यानं मला ते वाक्य ऐकवलेलं नाही. दोन वर्षं उभा राहील, हे. पूल उभा राहिलाच होता तसा. कठडा गेला होता. मी खोटं बोलले नव्हते, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून बघितलं आहे.

पुढं काम सुरू झालं आणि 2019 साली नवा पूल खुला झाला. पहिल्यांदा त्यावरून गेले तेव्हा आई शेजारी होती. ती सवयीनं बोलायची थांबली, पदर तोंडाशी गेला, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की पूल संपत आलाय आणि काही झालेलं नाही. "गुळगुळीत हाय," ती म्हणाली. यापलीकडं तिनं त्या पुलाबद्दल कधीही काही म्हटलं नाही. मला तो सरळ, रुंद आणि मुका वाटला. त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याला 55 फूट 7 इंच. नव्या पुलाला काही झालं नाही. पण पलीकडं रेडेडोह फुटला, रस्त्यावर पाणी आलं आणि रत्नागिरीची वाट बंद. आंबेवाडी, चिखली रिकामी करावी लागली. सगळं गाव ज्यासाठी भांडलं तो पूल कोरडा ठणठणीत उभा, आणि त्याच्या पलीकडं जायला रस्ता नाही. 2021ला पाणी आणखी वर, 56 फूट 3 इंच, आणि पुन्हा तेच. त्या वर्षी आबा नव्हते. भुवई उरली की नाही ते सांगायला कोणी पाय धूत उंबऱ्यात उभं राहिलं नाही, तेव्हा मीच गेले. रस्त्यावर दोर लावला होता. जुन्या पुलाच्या कमानी पाण्यानं भरत आल्या होत्या, आणि पाणी दगडाला घासून जाताना एक खोल, सलग घरघर येत होती. नव्या पुलाच्या खांबांना लागून जाणारं पाणी नुसतं फुटत होतं. हा फरक माझ्या कानांचा पक्षपातही असेल.

जुना पूल अजून शेजारीच उभा आहे. सांध्यांत पिंपळाची रोपं, कठड्यावर एखादं जोडपं, खाली म्हशी. लोक हौसेनं त्याचे फोटो काढतात, नव्या पुलावर उभं राहून. नव्याचा फोटो काढायला जुन्यावर जाणारा मी तरी बघितलेला नाही.

परवा पुन्हा भाच्याला घेऊन निघाले. नवं पाणी आलं होतं, त्र्यंबोलीची यात्रा, कुठल्याशा गल्लीचं पी-ढबाक वाजत नदीवरून परत चाललं होतं, डोक्यावर कळशा घेतलेल्या पोरी, रस्ताभर सांडलेलं तांबूस पाणी. गर्दी ओसरल्यावर आम्ही नव्या पुलावर मध्यापर्यंत गेलो. मी त्याला म्हटलं, चप्पल काढ आणि उभा राहा. ट्रक येऊ दे. एक ट्रक आला, मग रत्नागिरीची एसटी आली. "काय झालं?" मी विचारलं. "काय नाही," तो म्हणाला, "काय व्हायला पाहिजे होतं?" मी त्याला सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा मांजराचं सांगितलं. मग उडीचं, बापाच्या कानाखाली बसलेल्या चपराकीचं. ते त्याला फार आवडलं. मग एकेक करत त्या जानेवारीपर्यंत आले, आणि पंगतीत मी काय म्हणायची तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"म्हणजे नव्हतं चाललं," तो म्हणाला.

"नव्हतं."

तेवढ्यात फोन वाजला. दादा. कुठं आहात विचारत होता.

"पुलावर," मी म्हणाले.

"कुठल्या?"

आबांना हा प्रश्न कोणी कधी विचारला नसता. मी काही बोलायच्या आत भाचा फोनला तोंड लावून ओरडला, "ऑप्शनलवर!" पलीकडं दादा क्षणभर गप्प झाला. मागं कॅन वाजल्याचा आवाज आला, कोणीतरी मोटरसायकलवर दूध घेऊन चढाला लागलं होतं.

"थांबा तिथंच," दादा म्हणाला. "येतो."